तीनशेपैकी दीडशे

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत कोण कशाची तयारी करतंय, ते टेबलाकडे बघूनच कळतं. एमपीएससीवाल्यांपुढे राज्यघटना आणि चालू घडामोडींची मासिकं. सीएवाल्यांपुढे कॅल्क्युलेटर. आणि कानात हेडफोन, समोर टॅब, टॅबवर दीडपट वेगाने बोलणारे एखादे सर, मांडीवर स्पायरल बाइंडिंगच्या नोट्स असं दिसलं, की तो बहुधा आमच्यातला. म्हणजे ‘बाहेरून’ एमबीबीएस केलेला. रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स, चीन, आणि युद्धामुळे मधेच परतलेली युक्रेनची मुलं. डिग्री हातात असते, घरच्या पाहुण्यांमध्ये ‘डॉक्टर’ अशी ओळखही झालेली असते; पण एफएमजीई ही परदेशी वैद्यकीय पदवीधरांची परीक्षा पास होईपर्यंत इथे साधं औषध लिहून देण्याचाही अधिकार नसतो.

आमच्या रांगेतली एक मुलगी स्वतःच्या अंगाला हात लावून पाठांतर करायची. डाव्या दंडाला बोट: बीसीजी. उजव्या दंडाला: एमआर. डाव्या मांडीला: पेंटाव्हॅलंट. मग सहा, दहा, चौदा आठवडे असं पुटपुटत तीन बोटं मिटायची. पलीकडच्या एमपीएससीवाल्या दादांना आधी वाटलं, हिला बरं नाहीये. राष्ट्रीय लसीकरणाचं वेळापत्रक आम्हाला असं अंगावर चढवावं लागतं, कारण ज्या देशात शिकलो तिथलं वेळापत्रक वेगळं. इथल्या कॉलेजातला मुलगा लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्रात उभा राहून जे सहज शिकतो, ते आम्ही खुर्चीत बसून स्वतःच्या दंडावर शिकतो.

परीक्षेचं स्वरूप सरळ आहे. 2002 च्या नियमांनी ती आली, नॅशनल बोर्ड म्हणजे एनबीईएमएस ती वर्षातून दोनदा घेतं, साधारण जून आणि डिसेंबरमध्ये. एका दिवसात 300 प्रश्न: सकाळी 150, दुपारी 150, प्रत्येक सत्राला अडीच तास. म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. निगेटिव्ह मार्किंग नाही. पास व्हायला 150 लागतात. 149 म्हणजे नापास. ॲनाटॉमीपासून फॉरेन्सिकपर्यंतच्या पहिल्या विषयांना मिळून 100 गुण आणि क्लिनिकल विषयांना 200. विषयवार पास व्हायची अट नाही, त्यामुळे प्रत्येकाचं आपापलं गणित असतं. गायनॅक 30, पीएसएम म्हणजे सामाजिक आरोग्य 30, डोळे आणि ईएनटी प्रत्येकी 15. ‘छोटे विषय आधी पक्के कर, सर्जरी नंतर बघू’ हा सल्ला प्रत्येक सीनियर देतो आणि प्रत्येक ज्युनियर तो ऐकतो.

आता एक हिशेब बघा. चार पर्यायांत डोळे मिटून ठोकलं तरी चारात एक बरोबर येतो. म्हणजे 100 प्रश्न पक्के येत असले आणि उरलेले 200 अंदाजपंचे सोडवले, तरी सरासरीने 150 होतात. एक तृतीयांश अभ्यास पक्का हवा, बास. तरीही अलीकडच्या बऱ्याच परीक्षांत पास होणारे पाचात एकाच्या आसपास राहिलेत, कधी त्याहून कमी. हा आकडा मांडला की लोक लगेच म्हणतात, ‘नीटला मार्क नव्हते म्हणूनच बाहेर गेले ना, मग आणखी काय होणार?’ त्यात तथ्य आहे, मी नाकारणार नाही. पण तेवढ्याने उत्तर पुरं होत नाही. माझ्या बॅचमध्ये घासून अभ्यास करणारी, तिथल्या परीक्षांत वरच्या श्रेणीत आलेली मुलं इथे अडकलेली मी बघितली आहेत.

मी किर्गिझस्तानात शिकले. मेंढपाळांचा देश. जनावरांकडून माणसात येणाऱ्या ब्रुसेलोसिस आणि यकृतातल्या हायडॅटिड सिस्ट यांच्याबद्दल आम्हाला मन लावून शिकवलं गेलं, आणि ते योग्यच, कारण तिथल्या वॉर्डात ते पेशंट असतात. पण 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेने किर्गिझस्तान मलेरियामुक्त जाहीर केला. अंगावर तीन रजया घेऊन कुडकुडणारा मलेरियाचा पेशंट मला तिथे कुठून दिसणार? डेंग्यू पुस्तकातला, कुष्ठरोग पुस्तकातला, साप तर चित्रातलाच.

त्यात भाषा. वर्गात शिकवणं इंग्रजीत; खाटेवरची आजी मात्र किर्गिझ किंवा रशियन बोलणार. सर तिच्याशी पाच मिनिटं बोलायचे आणि आमच्याकडे वळून दोन वाक्यांत इंग्रजी सारांश द्यायचे. खाटेभोवती दहा-पंधरा जण. हिस्ट्री घेणं म्हणजे खोदून खोदून विचारणं. ते आम्ही फार कमी केलं. सहाव्या रांगेतून पोट कसं तपासतात ते बघता येतं, हाताला काही लागत नाही. परत आल्यावर एफएमजीईचा अभ्यास म्हणजे खरं तर इथल्या वॉर्डाची उणीव भरून काढणं, तेही वॉर्डात न जाता.

सर्पदंशाचंच घ्या. प्रश्न असा येतो: पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला शेतमजूर पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, थोड्या वेळाने पापण्या मिटायला लागतात, अंगावर चावल्याची खूण सापडत नाही. साप कोणता? उत्तर मण्यार. ग्रामीण महाराष्ट्रात वाढलेल्याला हे घरीच माहीत असतं. पण पुढचे प्रश्न घरी शिकता येत नाहीत. आपल्याकडचं सर्पविषप्रतिबंधक औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. लहान मुलाला डोस कमी द्यायचा का? नाही. सापाने विष मुलाचं वजन बघून टोचलेलं नसतं, त्यामुळे सुरुवातीचा डोस मोठ्या माणसाइतकाच. ‘वजनानुसार’ हा पर्याय हमखास दिलेला असतो आणि हमखास माणसं त्यावर पडतात.

घोणस किंवा फुरसं चावल्याचा संशय असेल तर वीस मिनिटांची चाचणी. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोनेक मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं, नळी टेबलावर उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त गोठलेलं असेल तर ठीक. वाहिलं, तर विषाने गोठण्याची क्रिया मोडलेली आहे, औषध सुरू करा. नळी काचेचीच का? कारण काचेच्या स्पर्शाने गोठण्याची क्रिया सुरू होते, प्लॅस्टिकने तशी होत नाही. साबणाने धुतलेली नळीही चालत नाही, चाचणी फसते. नोट्समध्ये हे दीड ओळीत होतं. रायगड जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात नोकरीला लागल्यावर मी ही नळी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने उभी केली, तेव्हा त्या दीड ओळीतला प्रत्येक शब्द कामाचा निघाला. नातेवाईक विचारत होते, ‘मॅडम, नुसतं बघत का बसलाय?’

रायगडचा उल्लेख आलाच आहे तर विंचवाचंही सांगते. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर केलेलं काम ‘लॅन्सेट’पर्यंत पोहोचलं, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या दंशात जीव वाचवतं, हे त्यांनी कोकणातल्या पेशंटांवर दाखवलं. आमच्या नोट्समध्ये ते ‘विंचू म्हणजे प्राझोसिन’ एवढंच उरतं. मागचा माणूस आणि मागचं गाव दोन्ही गळून जातात. पाठांतराला तेवढंच पुरतं हेही खरं.

फॉरेन्सिकची गंमत वेगळी. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि सीनियरांकडून वारशाने आलेल्या नोट्स एका रात्रीत रद्दी झाल्या. 302 हा आकडा हिंदी सिनेमाने आमच्या डोक्यात लहानपणीच घातला होता. आता खुनाचं कलम 103. डॉक्टरच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर 304 अ ऐवजी 106. बदल फक्त आकड्यांचाच असता तर एक वेळ परवडलं असतं. गंभीर दुखापतीच्या व्याख्येत पूर्वी वीस दिवसांच्या तीव्र वेदनांची अट होती, ती पंधरा दिवसांवर आली. हे सगळं दहा गुणांसाठी. पण दीडशेच्या कडेवर बसलेल्याला दहा गुण म्हणजे जमीनजुमला.

सगळ्यात जास्त शिकवतात त्या जीटी, म्हणजे ग्रँड टेस्ट. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. जीटीत दोन पर्याय झटकन कटतात आणि उरलेल्या दोघांत नेमका चुकीचा निवडला जातो. आमच्यातला एक जण चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवायचा. त्यात तीन रकाने: माहीत नव्हतं, विसरलो, नीट वाचलं नाही. सुरुवातीला त्याचा पहिला रकाना भरत होता, परीक्षा जवळ आली तसा दुसरा, आणि शेवटपर्यंत रिकामा न झालेला तिसरा. प्रश्नात ‘खालीलपैकी कोणतं नाही’ असं असताना ‘कोणतं’ एवढंच वाचून पुढे गेलेले प्रश्न. नवे व्हिडिओ बंद करून ही वहीच पुन्हा पुन्हा वाचणं हा त्याने घेतलेला सगळ्यात शहाणा निर्णय होता. नोट्स वाढवत राहण्याची हौस फार महागात पडते.

परीक्षा झाल्यावर प्रश्नपत्रिका कोणाच्या हाती लागत नाही. बोर्ड ती प्रसिद्ध करत नाही, आणि प्रश्न बाहेर न सांगण्याची हमीही उमेदवारांकडून घेतली जाते. तरी बाजारात मागच्या वर्षांच्या प्रश्नांची पुस्तकं असतात. ती सगळी आठवणीतून जुळवलेली, म्हणून एकाच प्रश्नाची तीन रूपं आणि दोन उत्तरं सापडतात. माझं मत विचाराल तर पास-नापास ठरवणाऱ्या परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका अधिकृतपणे खुली असायला हवी. कुठे चुकलो हे नापास झालेल्याला कळूच नये, ही कसली पद्धत? शिवाय परदेशातल्या आणि इथल्या पदवीधरांना एकच परीक्षा, नेक्स्ट, घेण्याची तरतूद 2019 च्या कायद्यात आहे. ती पुढेच ढकलली जाते आहे. ती झाली तर तुलना तरी उघड्यावर होईल.

अभ्यासापेक्षा घर जड जातं. कर्ज काढून, कुठे जमीन विकून पाठवलेलं असतं. गावाकडे लग्नाला गेलं की ‘दवाखाना कधी टाकतेस?’ म्हणून मुलं लग्नांना जायचं सोडतात. आपसात भेटली तरी नावाआधी ‘कितवा ॲटेम्प्ट?’ विचारलं जातं. मी अशी मुलं पाहिली आहेत ज्यांनी घरी परीक्षेची तारीखच सांगितलेली नाही.

पास झाल्यावरही रांग संपत नाही. सर्टिफिकेट घ्यायला दिल्लीत द्वारकेचं एनबीईएमएसचं कार्यालय, मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी, मग मान्यताप्राप्त हॉस्पिटलात वर्षभराची इंटर्नशिप. जागा मोजक्या, कॉलेजच्या मान्य जागांच्या साडेसात टक्क्यांपुरतीच सोय परदेशी पदवीधरांसाठी, त्यामुळे तिथेही वाट बघणं आलंच. पण खरं शिक्षण तिथे होतं. सलाइन लावताना शीर सापडणं, मराठीत हिस्ट्री घेणं, ‘चक्कर’ म्हणजे पेशंटला नेमकं काय म्हणायचंय ते खोदून काढणं, हे तिथे पहिल्या आठवड्यातच करावं लागतं.

बारावीच्या निकालानंतर एजंटांचे फोन सुरू होतात. पाल्याला बाहेर पाठवणार असाल तर फीच्या आकड्याआधी काही गोष्टी विचारा. नोव्हेंबर 2021 च्या नियमांप्रमाणे कोर्स किमान 54 महिन्यांचा आहे का? संपूर्ण इंग्रजीत आहे का? तिथेच बारा महिन्यांची इंटर्नशिप मिळते का? ही पदवी घेऊन त्या देशात प्रॅक्टिस करता येते का? प्रवेशापासून दहा वर्षांत इथल्या इंटर्नशिपसकट सगळं पुरं व्हावं लागतं, हे एजंट आपणहून सांगतो का ते बघा. त्या विद्यापीठातून आलेल्या किती जणांनी एफएमजीई दिली आणि किती पास झाले, ते विचारा. एनबीईएमएसने विद्यापीठवार निकाल प्रसिद्ध केलेले आहेत, त्यांच्याशी उत्तर ताडून पाहा. आणि खर्चाच्या कागदावर परत आल्यानंतरचं किमान एक वर्ष, अभ्यासिकेच्या भाड्यासकट, आधीच धरा.