मेल वापरकर्त्याचा पासवर्ड-बदल आणि डिरेक्टरी सर्व्हरवरील परवानग्या : दोषनिदानाची पद्धती

प्रस्तावना :
संस्थांच्या ई-मेल व्यवस्थेत वापरकर्त्यांची नोंद व पासवर्ड अनेकदा स्वतंत्र डिरेक्टरी सर्व्हरवर ठेवलेले असतात. वेबमेलमधून पासवर्ड बदलताना 'अपुरे अधिकार' असा संदेश आल्यास दोष बहुधा मेल सर्व्हरचा नसून डिरेक्टरीच्या परवानग्यांचा असतो. प्रस्तुत लेखात ओपन-एलडॅप या सर्व्हरच्या आधारे अशा दोषाच्या निदानाचा विचार केला आहे.

नियमांची रचना :
सर्व्हर परवानगीचे नियम क्रमाने वाचतो. मागितलेल्या गुणधर्मास जुळणारा पहिला नियम लागू होतो व त्या नियमात मागणाऱ्यास जुळणारे पहिले कलम निर्णायक ठरते. पुढील नियम सामान्यतः पाहिले जात नाहीत. म्हणून 'सर्व गुणधर्म सर्वांना वाचता यावेत' हा व्यापक नियम आधी आल्यास पासवर्डचा नियम निष्प्रभ होतो. वापरकर्त्यास स्वतःचा पासवर्ड बदलता येत नाही. शिवाय इतरांचे सांकेतिक रूपातील पासवर्ड मात्र कोणालाही वाचता येतात. दुसरा धोका अधिक गंभीर असूनही त्याची तक्रार कोणी करीत नाही.

पासवर्डच्या नियमात तीन कलमे आवश्यक आहेत : स्वतःस लेखनाधिकार, अनामिकास केवळ पडताळणीचा अधिकार व इतरांस काहीही नाही. दुसरे कलम गाळल्यास लॉगिनच बंद पडते, कारण ओळख पटेपर्यंत प्रत्येक वापरकर्ता सर्व्हरच्या दृष्टीने अनामिकच असतो.

निदानाचे टप्पे :
१) त्रुटी क्रमांक पाहावा. ४९ म्हणजे ओळख अमान्य. ५० म्हणजे ओळख मान्य, परंतु अधिकार अपुरा.
२) चाचणी सामान्य वापरकर्त्याच्या ओळखीने करावी. मुख्य व्यवस्थापकाच्या ओळखीस परवानगीचे नियम लागूच होत नाहीत; त्या ओळखीने केलेली चाचणी यशस्वी झाली तरी नियमांविषयी काहीही सिद्ध होत नाही.
३) 'स्लॅप-एसीएल' या साधनाने विशिष्ट वापरकर्त्यास विशिष्ट गुणधर्मावर कोणता अधिकार मिळतो, हे तपासावे.
४) वेबमेल पासवर्डसोबत अखेरच्या बदलाची तारीखही लिहिते काय, हे पाहावे. एका विनंतीतील सर्व बदल एकत्रच स्वीकारले वा नाकारले जातात. तारखेवर लेखनाधिकार नसल्यास पासवर्डही बदलत नाही.

धोक्याचा उपाय :
वेबमेलच्या मांडणीत मुख्य व्यवस्थापकाचा पासवर्ड लिहून ठेवला की तक्रार तत्काळ थांबते. राउंडक्यूबसारख्या वेबमेलमध्ये वापरकर्त्याच्या अथवा व्यवस्थापकाच्या ओळखीने बदल करण्याचे दोन्ही पर्याय आहेत. तथापि, दुसऱ्या पर्यायात वेबमेल सर्व्हर परक्या हाती गेल्यास संपूर्ण डिरेक्टरीच त्याच्या हाती जाते.

निष्कर्ष :
पासवर्ड-बदलातील अडथळा हा अधिकार वाढविण्याचे नव्हे, तर नियमांचा क्रम तपासण्याचे निमित्त मानावा. वापरकर्त्याने स्वतःच्या ओळखीने स्वतःचाच पासवर्ड बदलावा आणि तो इतर कोणास वाचता येऊ नये, या दोन्ही कसोट्या एकाच वेळी उतरल्या तरच दुरुस्ती पूर्ण झाली असे म्हणता येईल.