राजीनामा आणि नोटिशीचे दिवस

नोकरी सोडताना किती दिवस आधी कळवायचे, याला देशभर लागू पडणारा एकच आकडा नाही. तो नेमणूकपत्रात असतो, नाहीतर सेवानियमांत. शिवाय कायदा पाहायचा तो राहत्या गावाचा नव्हे, कामाच्या ठिकाणचा. मध्य प्रदेशातल्या लोधीपुऱ्यात राहून बुऱ्हाणपूरच्या दुकानात नोकरी करणाऱ्याला मध्य प्रदेशाचे नियम लागू. तोच रावेरच्या खाजगी शाळेत शिक्षक म्हणून लागला, तर महाराष्ट्राचे.

कारखान्यांसाठी १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना नियमांनी घालून दिलेले माप आजही बहुतेक ठिकाणी दिसते: महिन्याने पगार घेणाऱ्या कायम कामगाराला एक महिन्याची नोटीस, इतर कायम कामगारांना दोन आठवड्यांची. नोटीस मालकाने द्यायची असो वा कामगाराने, मुदत सारखीच. नाहीतर तेवढ्या दिवसांचा पगार. मध्य प्रदेशाने याच विषयावर १९६१ मध्ये स्वतःचा कायदा केला.

बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव. लहान कारखान्यातल्या कामगाराकडे नेमणूकपत्र नसेल आणि मजुरी कापडाच्या मीटरवर असेल, तर दिवसांपेक्षा उचलीचा प्रश्न मोठा होतो. उचल फिटेपर्यंत काम सोडता येणार नाही, ही अट १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यापुढे टिकत नाही, आणि हे प्रत्येक मागवाल्याला ठाऊक असायलाच हवे.

राजीनाम्याचा सर्वांत नेमका नियम सापडतो तो महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या १९७७ च्या कायद्यात. राजीनाम्याच्या दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक रजिस्टर टपालाने संस्थेला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर आधीच सही घेऊन तो कपाटात ठेवणाऱ्या संस्थेपासून शिक्षकाला यामुळे संरक्षण मिळते. कायम कर्मचाऱ्याची नोटीस तीन महिन्यांची, इतरांची एक. विमानाच्या कॅप्टनला तर वर्षभर आधी कळवावे लागते, कारण त्याच्या जागी दुसरा वैमानिक लवकर तयार होत नाही.

नोटीस न देता निघून गेल्यास काय होते? न्यायालय कोणालाही जबरदस्तीने कामावर परत पाठवत नाही. मालकाला फार तर पैसे मागता येतात. मात्र ती रक्कम थोडी असेलच असे नाही. तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली. म्हणून सही करण्याआधी नोटिशीचे कलम वाचावे. नव्वद दिवसांची अट असेल आणि नवी कंपनी तीस दिवसांत बोलावत असेल, तर उरलेल्या दिवसांचा पगार भरून मोकळे होता येते का, हे राजीनाम्याआधी लेखी विचारावे.

पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्याआधी सामान्यतः मागे घेता येतो. नियमांत वेगळे लिहिले असेल तर गोष्ट निराळी.

वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत थकलेले वेतन हाती पडले पाहिजे. ग्रॅच्युइटी मात्र सामाजिक सुरक्षा संहितेनुसार: पाच वर्षांची सलग सेवा झाली असेल तर तीस दिवसांत.