काळ्या मातीतली पिवळी पाने

नाशिक, सांगली, सोलापूर या द्राक्षपट्ट्यातील काळी जमीन बेसाल्ट खडक झिजून बनली आहे आणि या खडकात लोहाला तोटा नाही. तरीही फुलोऱ्याच्या सुमारास अनेक बागांत शेंड्याकडची पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या उरतात, आणि निदान निघते लोहाच्या कमतरतेचे. लोह जमिनीत असते, पण मुळांना घेता येईल अशा रूपात नसते. अन्नद्रव्यांच्या कमतरतेची बरीचशी प्रकरणे अशीच असतात. खताची गोणी वाढवून ती सुटत नाहीत.

याचे मूळ जमिनीच्या सामूत, म्हणजे पीएचमध्ये आहे. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी 1909 मध्ये मांडलेल्या या मोजपट्टीवर 7 हा अंक उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. मोजपट्टी दसपटीची असल्याने 7 आणि 8 यांतले अंतर कागदावर दिसते त्याहून पुष्कळ मोठे आहे. लोहाच्या बाबतीत तर सामू एका अंकाने वाढला की त्याची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. चुनखडीच्या जमिनीचा सामू बहुधा 8 ते 8.5 च्या दरम्यान असतो. तेथे जस्त आणि मंगलही अडकतात, स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो. कोकणातल्या जांभ्या जमिनीत गणित उलटे आहे: माती आम्लधर्मी, आणि स्फुरद लोह-ॲल्युमिनियमच्या तावडीत.

कमतरता ओळखताना पहिला प्रश्न एकच: लक्षण जुन्या पानावर आहे की कोवळ्या? नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये वेलीत फिरती असतात. तुटवडा पडला की वेल ती जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते, म्हणून खालची पाने आधी बिघडतात. नत्र कमी असेल तर संपूर्ण पान फिकट होते, पालाश कमी असेल तर कडा करपतात, मॅग्नेशियम कमी असेल तर शिरांमधला भाग पिवळा पडतो. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन मात्र एकदा जिथे बसले तिथून सहसा हलत नाहीत, त्यामुळे त्यांचा तुटवडा नव्या वाढीवर दिसतो. मॅग्नेशियम आणि लोह यांच्या लक्षणांत वरवर साम्य असले, तरी पानाची जागा पाहिली की गोंधळ मिटतो.

फुलोऱ्यात मात्र नुसत्या पानाकडे पाहून भागत नाही. बोरॉन कमी असेल तर परागनलिका नीट वाढत नाही, फलधारणा बिघडते आणि घडात मोठ्या मण्यांबरोबर बारीक, बिनबियांचे मणी राहतात. जस्ताच्या तुटवड्यानेही घड असाच विरळ होतो. सोबत पाने लहान आणि वेडीवाकडी असली तर संशय जस्तावर जातो. हे कळेपर्यंत मणी बसून गेलेले असतात, त्या हंगामापुरता इलाज उशिराचा ठरतो.

सोंगे घेणारी कारणेही आहेत. पाण्यातल्या क्लोराइडने करपलेल्या कडा पालाशाच्या कमतरतेसारख्या दिसतात. शेजारच्या शेतात फवारलेल्या 2,4-डी तणनाशकाच्या वाऱ्याने पाने पंख्यासारखी आवळतात. साचलेल्या पाण्यात मुळे गुदमरली की बायकार्बोनेट वाढते आणि पिवळेपणा येतो; तेव्हा खत टाकण्यापेक्षा चर काढणे शहाणपणाचे.

म्हणून देठ परीक्षण. पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचे देठ घेतात, पाते लगेच तोडून टाकतात, आणि आजारी व निरोगी वेलींचे नमुने वेगळे ठेवतात. फवारणीनंतर लगेच नमुना घेतला तर प्रयोगशाळा औषधच मोजते. लोहाच्या बाबतीत हा आकडाही फसवतो: पिवळ्या पानात एकूण लोह हिरव्याइतके किंवा जास्तही सापडते, कारण ते पानात पोचूनही निष्क्रिय पडलेले असते. अशा वेळी सौम्य फेरस सल्फेटचे द्रावण एका पानाच्या अर्ध्या भागावर लावावे. काही दिवसांत तेवढाच भाग हिरवा झाला, तर प्रश्न लोहाचाच.

माती परीक्षणात सामूसोबत विद्युतवाहकता आणि मुक्त चुना पाहावा, शिवाय पाण्यातले बायकार्बोनेट. 15 सेंटीमीटर थरात एक टक्का चुना म्हणजे हेक्टरी सुमारे 22 टन. तो संपवायला जवळजवळ 7 टन गंधक लागेल. दहा टक्के चुन्याच्या जमिनीत ‘गंधकाने सामू उतरवा’ हा सल्ला मग किती पोकळ ठरतो ते दिसते. ठिबकच्या पाण्यात मोजून आम्ल सोडून बायकार्बोनेट मोडणे आणि मुळांभोवतीची ओली जागा सुधारणे जास्त व्यवहार्य आहे. अमोनियमयुक्त खतांनी मुळांलगतचा सामू उतरतो, नायट्रेटने चढतो, हेही येथे कामी येते. जमिनीतून लोह द्यायचे तर ईडीडीएचए चिलेट घ्यावे. ते सामू 9 पर्यंत टिकते. स्वस्त ईडीटीए चिलेटमधले लोह चुनखडीत लवकर सुटते, आणि साधे फेरस सल्फेट मातीत पडताच गंजून निरुपयोगी होते.