काळ्या गाडीवरचे कोळ्याचे जाळे

काळी गाडी घेऊ नका, असे मला तिघांनी बजावले होते. एक आमची सौभाग्यवती, दुसरे आमचे मेहुणे (यांची गाडी पांढरी, तेव्हा त्यांचे मत मी धरलेच नाही) आणि तिसरा चक्क गाड्या विकणारा. "पाहा बाप्पा काकाजी, आपल्या नागपुरात धूळ लई. काळ्यावर सारं दिसते," असे तो म्हणाला. विकणाराच जेव्हा माल घेऊ नका म्हणतो, तेव्हा शहाण्याने ऐकावे. मी ऐकले नाही.

पुढे दुसऱ्याच वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. धरमपेठेतल्या घरासमोर गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून पूजेला उभी होती. सौभाग्यवतीने बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले. तेवढ्यात ऊन वर आले आणि बॉनेटमध्ये सूर्याचे प्रतिबिंब पडले. पाहतो तो त्या प्रतिबिंबाभोवती हजारो बारीक रेघांचे गोल जाळे! मी एक पाऊल डावीकडे सरकलो, तर जाळेही माझ्याबरोबर सरकले.

माझा राग निघाला तो रोज सकाळी गाडी धुवायला येणाऱ्या पोरावर. शेजारीपाजारी उभे असताना मी त्याला नाही नाही ते बोललो. तो एवढेच म्हणाला, "काकाजी, मी तर पाण्यानंच धुऊन राहिलो." मला ते उत्तर उद्धट वाटले.

मग उपायांची शोधाशोध सुरू झाली. एका गॅरेजवाल्याने दोन तासांत 'रबिंग मारून' आरसा करून देतो म्हणून सांगितले. मी जवळजवळ होकार देणार होतो. पण त्याच्याच हातून चमकून आलेली एक गाडी रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली पाहिली, तर जाळे गेले होते खरे, पण त्याच्या जागी धुरकट पट्टे उमटले होते. शेवटी कोणीतरी एका म्हाताऱ्या पेंटर मिस्त्रीचे नाव सुचवले. गृहस्थांनी सारा जन्म गाड्या रंगवण्यात घालवलेला. त्यांनी गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी मला स्टीलच्या डब्याचे झाकण आणायला सांगितले.

ते झाकण त्यांनी बल्बखाली धरले. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती तसेच गोल जाळे! खरे म्हणजे घासणीच्या रेघा सगळ्या दिशांना गेलेल्या असतात. पण ज्या रेघा दिव्याभोवती आडव्या येतात, तेवढ्यांवरूनच उजेड आपल्या डोळ्यांकडे वळतो. म्हणून डोळ्याला वर्तुळे दिसतात. पांढऱ्या गाडीवरही हे ओरखडे असतात, पण पांढरा रंग स्वतःच चहूकडे उजेड पसरवतो, त्यात ते हरवतात. काळा रंग उजेड गिळतो, तेव्हा एकेक रेघ उठून दिसते. मेहुण्यांची गाडी माझ्या गाडीपेक्षा धड नाही, हे कळल्यावर मला जरा बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

मिस्त्री मग रंगाविषयी बोलू लागले. जुन्या ॲम्बॅसडरला साध्या इनॅमलचा रंग असे. घासले की फडक्याला गाडीचा रंग लागे. आजच्या गाडीवर आधी प्रायमर, मग रंग आणि त्यावर बिनरंगी चकाकीचा थर असतो. या वरच्या थराला क्लिअर कोट म्हणतात आणि ओरखडे असतात ते यातच. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वर्तमानपत्राचा कागद सुमारे ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे अर्ध्या कागदाएवढ्या कातडीवर सारी शोभा! पॉलिश ओरखडा भरून काढत नाही. त्याच्या तळापर्यंत भोवतालची कातडी खरवडून काढते. हलक्या हाताने केले तर एकदोन मायक्रॉन जातात, राक्षसासारखे रबिंग केले तर पुष्कळच. आणि ऊन सोसण्याची औषधे याच थरात मिसळलेली असतात. मे महिन्यात जिथे पारा ४५ च्या वर जातो, तिथे हा थर विरळ झाला तर पुढे पापुद्रे सुटू लागतात. "म्हणून हे काम दर दिवाळीला करायचं नसते," मिस्त्री म्हणाले.

रविवारी सकाळी सहालाच आम्ही पोर्चमध्ये सुरुवात केली, कारण तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळून बसते. गाडी वरून खाली अशी धुतली. मग मिस्त्रींनी हातात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून बॉनेटवरून तळवा फिरवायला सांगितला. धुतलेली गाडी हाताला रवाळ लागली! ते चिकटलेले कण मातीसारख्या मऊ क्लेने साबणाचे पाणी मारत उचलून काढले. कडांना आणि रबराला चिकटपट्टी लावली, कारण कडांवर थर सर्वांत पातळ असतो.

त्यांचे मशीन जात्यासारखे नुसते गरगर फिरणारे नव्हते. फिरता फिरता डोलणारे होते. अशाने एकाच जागी उष्णता साठत नाही आणि ते धुरकट पट्टेही पडत नाहीत. स्पंजच्या चकतीवर वाटाण्याएवढे चार थेंब घेऊन त्यांनी आधी दोन फूट चौरसच घासला, सर्वांत सौम्य पॉलिशने. आधी उभे, मग आडवे, अगदी सावकाश. पुसल्यावर स्पिरिट आणि पाण्याचा हात फिरवला, कारण पॉलिशमधले तेल ओरखड्यात भरून डोळ्यांना फसवते. नंतर टॉर्च मारला. मी वाकून पाहिले. त्या चौकोनात टॉर्चचा एकच स्वच्छ ठिपका होता, आणि चौकोनाबाहेर जाळे! त्या क्षणी मला झालेला आनंद सौभाग्यवतीला आजतागायत कळलेला नाही.

काही ओरखड्यांत नख अडकत होते. ते मिस्त्रींनी तसेच सोडले. तेवढ्यासाठी कातडी घालवायची नाही, म्हणाले.

चहा घेताना त्यांनी सहज विचारले, "दिवसा गाडी कोण पुसते?" मी मोठ्या अभिमानाने डिकीतले पिवळे फडके दाखवले. बाहेरून आलो की गाडीवर कोरडा हात मारायचा, हा माझा नेम. त्यांनी ते फडके वर्तमानपत्रावर झटकले. कागदावर बारीक रेती सांडली. नागपुरात काय नसते हवेत? कोराडी-खापरखेड्याची राख, बांधकामांवरची कन्हानची वाळू. वाळूतल्या गारगोटीची कठिणता ७, काचेची साडेपाचच्या आसपास, आणि रंग तर दोहोंपेक्षा कितीतरी मऊ. मी रोज दुपारी स्वतःच्या हाताने गाडीवर पॉलिशपेपर फिरवत होतो. ते पोर बिचारे खरेच पाण्याने धूत होते.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशीच त्याची वाट पाहत उभा राहिलो. माफी मागायची सवय नसल्याने मी बरेच काही घोळवून बोललो. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "मग दुसरी बादली द्या काकाजी. एकीत साबण, एकीत फडकं खंगाळायला." हे त्याला आधीपासून ठाऊक होते; मी कधी विचारलेच नव्हते. आता बादल्या दोन आहेत, फडकी मायक्रोफायबरची आहेत, आणि खाली पडलेले फडके पुन्हा गाडीला लावायचे नाही, हा त्याने मलाच घातलेला दंडक आहे.

यंदाच्या दसऱ्याला सौभाग्यवती कुंकू घेऊन बॉनेटकडे वळली, तेव्हा मी काही बोलायच्या आत त्या पोराने तिला अडवले. "काकू, काचेवर काढा." तिने ते स्वस्तिक समोरच्या काचेवर काढले.