पहिल्या पावसातला ताम्हिणी आणि पुढचा ब्रेक

जूनचे पहिले ढग दिसले की पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे बाइकची रांग लागते. मीही असतो त्यात. पण पहिल्या सरीनंतरचा अर्धा तास मी टपरीवर चहा पीत काढतो. उन्हाळाभर डांबरावर साचलेलं ऑइल आणि धूळ त्या सरीत वर येते, रस्ता साबण लावल्यासारखा होतो. जोरदार पावसाने तो धुतला की पकड बरीच परतते. पांढरे पट्टे मात्र ओले असेपर्यंत निसरडेच.

दुसरं, पुढचा ब्रेक. 'पुढचा दाबला की पडतो' हे आपल्याला सायकलपासून शिकवलेलं. खरं तर ब्रेक मारताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम तेच करतं. झटक्याने आवळू नका; आधी हलकेच दाबा, मग जोर वाढवा. आणि हे सगळं वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. रिकाम्या मैदानात सराव करा, शेजारी हसले तरी. ताशी ६० किमी वेगाने तुम्ही सेकंदाला साधारण १७ मीटर जाता. बोटं ब्रेकपर्यंत पोचेस्तोवर तेवढं अंतर गेलेलं असतं.

टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३२२ म्हणजे टायर २०२२ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. माझ्या सेकंडहँड गाडीच्या टायरची नक्षी झकास होती, रबर मात्र लाकूड झालेलं. तेव्हापासून आधी आकडे बघतो.

आणि हेल्मेटचा पट्टा लावा राव! घालून मान हलवून बघा. सैल फिरलं तर एक साइज लहान घ्या.