मखान्न : प्रतवारी व खरेदीतील विवेक

भंडारा हा तलावांचा जिल्हा. लाखनी-साकोली परिसरातील तलावांत ढीवर बांधव शिंगाडा घेतात, कमळही फुलते. मखाणा मात्र आपल्या दुकानांत बाहेरून येतो. त्यामुळे ग्राहक त्यास सर्रास ‘कमळबीजाच्या लाह्या’ म्हणतात. भावप्रकाशात मखान्नाचे गुण पद्मबीजासमान सांगितले आहेत, परंतु गुणसाम्य म्हणजे द्रव्यैक्य नव्हे. मखाणा ही काटेरी पानांची स्वतंत्र जलवनस्पती (युरिएल फेरॉक्स) आहे. मागणीपत्रावर ‘मखाणा’ व ‘कमळबीज’ ही नावे स्वतंत्रपणेच लिहावीत.

उगम व संस्कार

मखाण्याचे मुख्य क्षेत्र उत्तर बिहार. दरभंगा, मधुबनी, पूर्णिया, कटिहार येथील तळ्यांतून काळे बी काढतात. ‘मिथिला मखाणा’ या नावास २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बी वाळवून, चाळून, कढईत भाजतात. दोन-तीन दिवस मुरवून पुन्हा भाजतात व गरम असतानाच लाकडी थापीने फोडतात. १०० किलो बियांपासून सुमारे ३५ ते ४० किलो लाह्या मिळतात.

प्रतवारी

घाऊक बाजारात प्रत ‘सुता’वर ठरते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाच सूत म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर. मोठ्या, पांढऱ्या दाण्यास चढा भाव मिळतो. अर्धवट फुटलेल्या कठीण दाण्यास ‘ठुर्री’ म्हणतात. तथापि, चाळणी केवळ आकार सांगते. दाणा जुना, ओलसर वा किडका आहे काय, हे तिला कळत नाही.

म्हणून पोत्याच्या तोंडातून, मध्यातून व तळातून मिळून १०० ग्रॅम नमुना घ्यावा. अखंड दाणे, चुरा, ठुर्री, काळी टरफले व किडके दाणे वेगळे करून तोलावेत. प्रत्येकाचे ग्रॅम तेच त्याचे शेकडा प्रमाण. चांगला दाणा बोटांत दाबताच कुरकुरीत मोडतो व आतून पांढरा असतो. चिवट, पिवळट वा कुबट वासाचा माल परत करावा. ठुर्री वजनदार असल्याने थोडी मिसळली तरी तोटा मोठा होतो.

उपयोगानुसार खरेदी

आहारार्थ विक्रीस मोठा दाणा योग्य. चूर्णासाठी लहान, परंतु अखंड व कोरडा दाणा घेतल्यास गुणहानी न होता खर्च वाचतो. तयार चूर्ण मात्र घेऊ नये. त्यात कोणता चुरा गेला हे ओळखता येत नाही.

नवा माल साधारणतः पावसाळा सरता येऊ लागतो. वर्षाची खरेदी तेव्हाच करावी. आपल्याकडील आषाढ-श्रावणातील दमट हवेत उघडे पोते लवकर सादळते. हवाबंद डब्यांत भरून त्यावर खरेदीचा महिना लिहावा.

बल्य व वृष्य म्हणून आपण हे द्रव्य सूतिकेस व दुर्बल रुग्णास देतो. किडका दाणा गेल्यास दोष द्रव्याच्या व पर्यायाने शास्त्राच्या माथी येतो. भाव ठरविण्यापूर्वी नमुना तोलण्याची शिस्त आपण सर्वांनी अंगीकारावी, ही नम्र विनंती.