मोटार अपघातातील दोषनिश्चिती व विमादावे

मोटार वाहनाच्या अपघातास जबाबदार कोण, हे ठरविणे म्हणजे दोषनिश्चिती; आणि त्या अपघातातून उद्‌भवलेली हानी विमा कंपनीकडून भरून मागणे म्हणजे विमादावा होय. ज्या अपघातात कोणास विशेष इजा होत नाही, परंतु पत्रा चेपणे, दिवा फुटणे, बंपर तुटणे अशी हानी होते, त्यास किरकोळ अपघात म्हणता येईल. अशा अपघातात पुरावा थोडा, रक्कम लहान आणि दोन्ही चालकांची कथने परस्परविरुद्ध असतात. दोष, विमा व भरपाई या गोष्टी एकच होत, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यांची तत्त्वे निरनिराळी असून त्या ठरविणाऱ्या यंत्रणाही वेगवेगळ्या आहेत.

विधीचा विकास : ब्रिटनमध्ये १९३० च्या रस्ते वाहतूक अधिनियमाने त्रयस्थ पक्षाविषयीच्या दायित्वाचा विमा सक्तीचा झाला. भारतात ही सक्ती १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात समाविष्ट करण्यात आली आणि तत्संबंधीचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अंमलात आले. त्या अधिनियमाची जागा १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने घेतली. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या १४६ व्या कलमान्वये त्रयस्थ पक्षाचा विमा असल्यावाचून सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरता येत नाही. १९८२ च्या दुरुस्तीने मृत्यू व कायमचे अपंगत्व यांबाबत दोषनिरपेक्ष दायित्वाचे तत्त्व प्रथम स्वीकारण्यात आले. २०१९ च्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल पाच लाख व जबर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये दोष सिद्ध न करताही मागता येतात. मालमत्तेच्या हानीस मात्र हे तत्त्व लागू नाही. तेथे भरपाई मागणाऱ्यास दुसऱ्या चालकाची हयगय दाखवून द्यावी लागते.

दोष ठरविण्याची तत्त्वे : वाजवी दक्षता न घेतल्याने दुसऱ्याची हानी होणे, ही हयगय होय [⟶ अपकृत्य]. वादीचाही काही दोष असल्यास काय करावे, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले. बटरफील्ड विरुद्ध फॉरेस्टर (१८०९) या इंग्लिश खटल्यापासून वादीची स्वतःची हयगय असल्यास त्याचा दावा समूळ नाकारला जाई. डेव्हिस विरुद्ध मान (१८४२) या खटल्यात पाय बांधून रस्त्यावर सोडलेले गाढव गाडीखाली सापडले होते. अपघात टाळण्याची शेवटची संधी गाडीवानास होती, म्हणून त्यास जबाबदार धरून या नियमाची कठोरता सौम्य करण्यात आली. पुढे १९४५ च्या अधिनियमाने ब्रिटनमध्ये दोषाच्या प्रमाणात भरपाई कमी करण्याचा नियम आला. भारतीय न्यायाधिकरणेही हेच तत्त्व अनुसरतात. वीस हजार रुपयांची हानी झालेल्या वाहनमालकाच्या चालकाकडे तीस टक्के दोष असल्यास त्यास चौदा हजार रुपये मिळतात. यास अंशदायी हयगय म्हणतात. दोन मोटारी एकमेकींवर आदळून बाजूस उभ्या केलेल्या स्कूटरवर गेल्या, तर ती संमिश्र हयगय होय. स्कूटरमालकाचा दोष नसल्याने तो दोहोंपैकी कोणाकडूनही संपूर्ण रक्कम वसूल करू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे.

व्यवहारात काही अनुमाने रूढ आहेत. मागून धडक देणाऱ्याने पुरेसे अंतर राखले नाही, वळणाऱ्याने सरळ जाणाऱ्यास वाट दिली नाही, वाहन मागे घेणाऱ्याने खात्री करून घेतली नाही, असे प्रथमदर्शनी मानले जाते. परंतु ही अनुमाने खोडून काढता येतात. पुढील वाहनाचे थांब्याचे दिवे बंद असणे किंवा ते अकारण एकाएकी थांबणे, ही त्याची उदाहरणे होत. चालकाकडे अनुज्ञप्ती नसणे हा गुन्हा असला, तरी तेवढ्यावरून अपघातातील त्याची अंशदायी हयगय सिद्ध होत नाही (सर्वोच्च न्यायालय, २००८). तसेच अपघातानंतर वाहने कोठे आढळली, हे दर्शविणाऱ्या पंचनाम्यावरूनच केवळ हयगय ठरविता येत नाही (२०१३).

निर्णय करणाऱ्या यंत्रणा : एकाच धडकेचा विचार तीन ठिकाणी होऊ शकतो. बेदरकारपणे वाहन चालवून जीवित धोक्यात आणल्याचा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या २७९ व्या कलमाखाली मोडत असे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमाखाली येतो. तेथे दोष वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. मोटार अपघात दावे न्यायाधिकरणापुढे मात्र अधिक संभाव्य काय, एवढेच पाहिले जाते. म्हणून फौजदारी खटल्यात सुटलेल्या चालकावरही भरपाईची जबाबदारी येऊ शकते. तिसरी यंत्रणा विमा कंपनीची. विमेदाराच्या स्वतःच्या वाहनाची हानी सर्वंकष विमापत्राखाली भरून देताना दोष कोणाचा, हा प्रश्न सामान्यतः गैरलागू असतो. अपघात घडला काय, विमापत्र चालू होते काय, चालकाकडे योग्य अनुज्ञप्ती होती काय आणि हानी वर्णन केलेल्या घटनेशी जुळते काय, एवढेच सर्वेक्षक पाहतो. ज्याच्याकडे केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा आहे, त्यास मात्र स्वतःच्या वाहनासाठी आपल्या कंपनीकडून काहीही मिळत नाही. त्याचा सर्व भार दुसऱ्याचा दोष शाबीत करण्यावर राहतो.

हानीची विभागणी : स्वतःच्या कंपनीकडून भरपाई मिळाली, तरी ती पूर्ण नसते. सुट्या भागांवर घसारा आकारला जातो. रबर, नायलॉन व प्लॅस्टिक यांच्या भागांवर तो ५० टक्के, तंतुकाचेच्या भागांवर ३० टक्के असून काचेवर नसतो. धातूच्या भागांवर वाहनाच्या वयानुसार तो वाढत जातो. दोन ते तीन वर्षांच्या वाहनास तो १५ टक्के असतो. शिवाय प्रत्येक दाव्यातून सक्तीची वजावट होते. दावा न केलेल्या वर्षांबद्दल स्वहानीच्या हप्त्यात २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के अशी चढती सूट मिळते. ‘नो क्लेम बोनस’ या नावाने ओळखली जाणारी ही सूट स्वहानीचा एक दावा करताच सामान्यतः शून्यावर येते, मग दोष कोणाचाही असो. याउलट केवळ त्रयस्थ पक्षाने दावा केल्याने ती जात नाही.

उदाहरणादाखल, सिग्नलपाशी थांबलेल्या सव्वादोन वर्षांच्या मोटारीस मागून धडक बसली, असे समजू. प्लॅस्टिकच्या भागांचे ८,००० रु., धातूच्या भागांचे ६,००० रु. आणि मजुरी ४,००० रु., असा एकूण १८,००० रु. खर्च आला. घसारा वजा जाता अनुक्रमे ४,०००, ५,१०० व ४,००० रु. मान्य होतात. वजावट १,००० रु. धरल्यास हाती १२,१०० रु. येतात आणि ५,९०० रु. मालकास सोसावे लागतात. स्वहानीचा हप्ता ६,००० रु. असून पुढील वर्षी ३५ टक्के सूट मिळणार असेल, तर आणखी २,१०० रु. जातात. अशा रीतीने निर्दोष मालकावर पहिल्याच वर्षी ८,००० रुपयांचा भार पडतो. जादा हप्ता देऊन शून्य घसाऱ्याचे व सूट राखण्याचे पूरक संरक्षण घेतल्यास तो बराच हलका होतो.

हा उर्वरित भार दोषी वाहनाचा मालक व त्याची विमा कंपनी यांच्याकडून न्यायाधिकरणामार्फत मागता येतो. कारण त्रयस्थ पक्षाच्या मालमत्तेची हानी १६५ व्या कलमाच्या कक्षेत येते. अपघाताचे स्थळ, दावेदाराचे निवासस्थान किंवा प्रतिवादीचे निवासस्थान यांपैकी कोठेही अर्ज करता येतो. एकच हानी मात्र दोनदा वसूल करता येत नाही. प्रत्यक्षात वकिलाचा खर्च, तारखा आणि साक्षीदारांची अनास्था यांमुळे काही हजार रुपयांसाठी फार थोडे लोक हा मार्ग पतकरतात. विमेदारास भरपाई दिल्यावर त्याच्या जागी उभे राहून दोषी पक्षाकडून वसुली करण्याचा हक्क कंपनीस असतो. परंतु परस्परांतील असंख्य लहान वसुल्यांचा खर्च टाळण्यासाठी प्रत्येक कंपनीने आपापल्या विमेदाराची हानी सोसावी, असे करार कंपन्यांत होतात. ‘नॉक फॉर नॉक’ या नावाने ते प्रसिद्ध आहेत. कंपन्यांची यात सोय होते. मात्र दोषी कोण, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

पुरावा व कर्तव्ये : अपघात घडताच चालकाने थांबले पाहिजे आणि बाधित व्यक्तीने स्वतःचे नाव-पत्ता देऊन मागणी केल्यास आपले व मालकाचे नाव-पत्ते दिले पाहिजेत (कलम १३२). त्रयस्थाची मालमत्ता बिघडली असल्यास आणि पोलीस हजर नसल्यास शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत, नजीकच्या ठाण्यावर खबर देणे व विमा कंपनीस लेखी कळविणे ही चालकाची कर्तव्ये होत (कलम १३४). किरकोळ अपघातात पोलीस पंचनामा होतोच असे नाही. त्यामुळे वाहने हलविण्यापूर्वी घेतलेली छायाचित्रे, दोन्ही वाहनांचे क्रमांक, साक्षीदारांचे पत्ते आणि वाहनातील किंवा दुकानांवरील कॅमेऱ्यांची चित्रणे यांस विशेष महत्त्व येते. विमापत्राच्या अटीनुसार कंपनीच्या संमतीवाचून दोषाची कबुली देणे, रकमेचे आश्वासन देणे अथवा पैसे देणे विमेदारास वर्ज्य असते. जागेवर रोख रक्कम देऊन प्रकरण मिटविण्याच्या प्रघाताचा या अटीशी विरोध येतो. पुढे दुसऱ्या पक्षाने वाढीव मागणी केल्यास कंपनी दायित्व नाकारण्याची शक्यता असते.

स्वतःच्या कंपनीचा निर्णय अमान्य असल्यास विमेदारास विमा लोकपालाकडे किंवा ग्राहक आयोगाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे विमा लोकपालांची कार्यालये आहेत. दुसऱ्याच्या कंपनीचा मात्र तो ग्राहक नसल्याने तिच्याविरुद्ध न्यायाधिकरणाचाच मार्ग उरतो.

इतर देशांतील पद्धती : फ्रान्समध्ये दोन्ही चालकांनी एकाच छापील नमुन्यावर अपघाताची परिस्थिती व आकृती नोंदवून सह्या करण्याची पद्धत रुळली आहे. तीत दोषाची कबुली नसते, केवळ वस्तुस्थिती असते. कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात धडकेच्या ठराविक प्रकारांना दोषाचे प्रमाण नियमांनीच नेमून दिले असून निर्दोष विमेदारास वाहनाची भरपाई स्वतःच्याच कंपनीकडून मिळते. न्यूझीलंडने १९७४ पासून शारीरिक इजेबाबत दोषनिरपेक्ष योजना राबविली आहे. पण वाहनांची हानी तिच्याबाहेर आहे. अमेरिकेतील अलाबामा, मेरिलंड, नॉर्थ कॅरोलायना व व्हर्जिनिया या राज्यांत वादीच्या अल्प दोषानेही त्याचा दावा बुडविणारा जुना नियम मुख्यतः टिकून आहे.

भारतीय विधीने मृत्यू व गंभीर इजा यांच्या बाबतीत पीडितास दोषाच्या वादातून बऱ्याच अंशी मुक्त केले आहे. किरकोळ हानीचा भार मात्र अद्यापि जेथे पडला तेथेच बहुधा राहतो. उभय पक्षांच्या सहीचा एकच नमुना आणि दोषाच्या प्रमाणाचे ठराविक नियम यांचा अवलंब झाल्यास, निर्दोष वाहनमालकास न्यायाधिकरणाची पायरी न चढताही आपली हानी भरून मिळणे शक्य होईल.